वाकडं निघालेलं पिल्लू: सदोष जन्मलेल्या साप-कासवांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे उजाडला की फोन सुरू होतात. गोठ्याची जुनी भिंत पाडताना, शेणखताच्या खड्ड्यात, विटांच्या थप्पीखाली सापाची अंडी सापडतात. सर्पमित्र वनखात्याला कळवून ती डब्यात नेतो आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. सगळी धडधाकट असली तर कोणी फोन करत नाही. एखाद्याची शेपटी वाकडी, डोळा नाही, पोटाला काहीतरी लोंबतंय असं दिसलं की मात्र रात्री अकरालाही व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एकच शब्द: "काय करू?" गेल्या काही हंगामांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाची लिहून काढली. कोकण आणि घाटावरचे सर्पमित्र, किनाऱ्यावरचे कासवमित्र आणि घरी कासव पाळणारे, या तिघांसाठी हे आहे.

पोटाला पिवळी पिशवी लोंबतेय. हे अपंग आहे का?

नाही. तो बलक आहे. पिल्लू अंड्यातून निघताना उरलेला बलक पोटात ओढून घेतं. काही वेळा ते आधीच बाहेर पडतं आणि पिशवी बाहेर राहते. ती ओढू नका, कापू नका, दोऱ्याने बांधू नका. स्वच्छ डब्यात ओला करून पिळलेला टिश्यू पेपर अंथरा, त्यावर पिल्लू ठेवा, झाकणाला चार भोकं पाडा आणि डबा २८ ते ३० अंश तापमानात, अंधाऱ्या जागी ठेवून द्या. वाळू, माती, भुसा, कापूस काहीही नको, कारण ते पिशवीला चिकटतं. बहुतेक पिल्लं एक ते तीन दिवसांत बलक आत घेतात. पिशवी फुटली, रक्त येऊ लागलं किंवा वास आला, तर पशुवैद्य गाठा.

बलक आत गेल्यावर पोटावर बेंबीची बारीक चीर दिसते. "पोट फाटलंय" म्हणून तिचेही फोटो येतात. ती काही दिवसांत मिटते.

अंड्याला चीर पडून दहा तास झाले, नुसतं नाक बाहेर आहे. अडकलंय का? कापू का?

कात्री खाली ठेवा. सापाचं पिल्लू वरच्या ओठाजवळच्या अंडदाताने कवच चिरतं, नाक बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं. चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस. तेवढ्या वेळात ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकतं आणि उरलेला बलक आत घेतं. लोकांचे हात शिवशिवतात, दया म्हणून अंडं फाडतात आणि मग बलक बाहेर राहिलेलं, रक्तबंबाळ पिल्लू घेऊन "जन्मतःच असं होतं" म्हणून सांगतात. माझ्याकडे येणाऱ्या "दोषां"पैकी बरेच असे हाताने केलेले असतात.

बाकी सगळी अंडी फुटून दोन दिवस उलटले आणि एकच चिरलेलं अंडं तसंच राहिलं, तेव्हा जाणत्या माणसाला दाखवावं. आत वाकड्या कण्याचं पिल्लू असेल तर त्याला खरोखरच बाहेर पडता येत नाही.

मग खरा दोष कशाला म्हणायचं?

पाठकण्याला बाक किंवा पीळ, शेपटीला गाठ, एक किंवा दोन्ही डोळे नसणं, वरचा-खालचा जबडा न जुळणं, कासवाचा पाय किंवा वल्हं (समुद्री कासवाचा पोहायचा पाय) अर्धवट असणं, पोट बंदच न झालेलं असणं, दोन डोकी. अंडदात दोष नाही, तो काही दिवसांत गळतो. जन्मतः पांढरं किंवा पिवळसर पिल्लू हा रंगद्रव्याचा फरक आहे. जंगलात घार-बगळ्याच्या नजरेत ते लवकर भरतं हे खरं, पण शरीर ठणठणीत असतं.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांबद्दल दर हंगामात कोणीतरी घाबरतं: "डाव्या बाजूला सहा आहेत, उजवीकडे सात!" या जातीत बाजूच्या खवल्यांची संख्या मुळातच कमीजास्त असते, दोन्ही बाजू जुळतीलच असं नाही. मोजायचेच असतील तर वहीत नोंद करा आणि पिल्लू सोडून द्या.

दोष होतात कशामुळे? ग्रहण, मोबाइल टॉवर, फवारणी?

ग्रहण सोडा. फवारणीचा संबंध असू शकतो, पण तुमच्या डब्यातल्या एका पिल्लाकडे बघून तो सांगता येत नाही. जवळच्या नात्यातल्या जोड्यांतून आलेले अनुवंशिक दोषही असतात, पाळीव प्राण्यांत ते जास्त दिसतात. आपल्या हातातलं सर्वांत मोठं कारण मात्र तापमान.

माझीच गोष्ट सांगतो. एका उन्हाळ्यात धामणीची तेरा अंडी आली. डबा व्यवस्थित, अंड्यांखालचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व्यवस्थित, आणि ठेवला कुठे, तर पत्र्याखालच्या माळ्यावर, "उबदार राहील" म्हणून. आठवड्याने थर्मामीटर आत टाकला तेव्हा दुपारी अडीचला काटा ३५ वर. डबा खाली आणला, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तीन अंडी कुजली. दहा पिल्लं निघाली, त्यातल्या चौघांच्या शेपट्या इंग्रजी झेडसारख्या. त्या दिवसापासून अंड्यांआधी थर्मामीटर लागतो आणि डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर राहतो.

दुसरं कारण अंडं फिरवणं. कोंबडी अंडी उलटते म्हणून आपणही उलटावीत असं लोकांना वाटतं. सापाच्या आणि कासवाच्या अंड्यात गर्भ सुरुवातीलाच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, नंतर अंडं उलटलं तर तो गुदमरतो. सापडलेल्या अंड्यावर आहे त्याच जागी पेन्सिलीने वर फुली करा (पेनने नको) आणि ती फुली शेवटपर्यंत वरच ठेवा. चिकटलेला पुंजका सुटा करू नका.

तिसरं पाणी. कोकोपीट मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून थेंब पडता कामा नये. कोरडं पडलं तर अंडी खपाटीला जातात, चिंब झालं तर बुरशी धरते.

शेपटी किंवा पाठ वाकडी आहे. जगेल का?

बाक कुठे आहे त्यावर ठरतं. शेपटीच्या टोकाला गाठ असेल तर सापाचं काही अडत नाही. मधल्या पाठीला हलका बाक असेल तरी तो सरपटतो, खातो, वाढतो. खरी अडचण दोन ठिकाणी येते: हृदय-फुप्फुसाच्या भागात घट्ट पीळ असेल तर, आणि शेपटी जिथे सुरू होते तिथल्या छिद्राच्या जरा आधी बाक असेल तर. त्या बाकात विष्ठा अडकते. पिल्लू खातं, फुगतं आणि मरतं.

म्हणून मी एकच गोष्ट बघत बसतो: शी झाली का? धामणीच्या त्या चौघांतल्या एकाला छिद्राच्या बोटभर आधी काटकोनात बाक होता. डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत रोज दहा मिनिटं ठेवायला सांगितलं. पोटाला हात लावायचा नाही, दाबायचं नाही. अकराव्या दिवशी सकाळी टिश्यूवर काळपट बारीक लेंडी आणि शेजारी खडूसारखा पांढरा ठिपका दिसला. तो पांढरा ठिपका म्हणजे सापाची लघवी, आणि तो बघून घरात चहा झाला. बायकोने "नातवाची शी बघूनही कोणी एवढं खूश होत नाही" असं ऐकवलं. उरलेल्या तिघांपैकी दोघांना टोकाला गाठ होती, ते पहिल्या कातीनंतर सोडले. चौथं पाचव्या दिवशी गेलं.

चिकटपट्टी लावून, काडीला बांधून कणा सरळ करायचा प्रयत्न करू नका. मणके एकमेकांत जुळूनच तयार झालेले असतात, ओढून काहीच सुटत नाही.

दोन डोक्यांचं पिल्लू निघालं तर?

आधी खात्री करा की ते मांडूळ नाही. मांडुळाला "दुतोंड्या" म्हणतात, पण त्याला डोकं एकच, शेपटी फक्त आखूड आणि बोथट. या नावापायी आणि गुप्तधनाच्या भाकडकथांपायी त्या बिचाऱ्या जातीचा काळा बाजार चालतो.

खरी दोन डोकी म्हणजे एका गर्भाची जुळ्यांत विभागणी अर्ध्यावर थांबणं. २०१९ मध्ये कल्याणला दोन डोक्यांचं घोणशीचं पिल्लू सापडलं होतं, ते पुढे परळच्या हाफकिन संस्थेकडे देण्यात आलं. अशी पिल्लं रानात टिकत नाहीत. दोन मेंदू दोन दिशांना ओढतात, शिकार दिसली की एकमेकांवरच झडप घालतात. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात अभ्यासलेल्या दोन डोक्यांच्या सापाची तोंडं भक्ष्यासाठी आपसात झगडायची. सांभाळणारे म्हणून दोन डोक्यांमध्ये पुठ्ठा धरतात आणि एका वेळी एकालाच भरवतात.

नीट काळजी घेतली तर मात्र नवल घडतं. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात थेल्मा आणि लुईस नावाच्या दोन डोक्यांच्या कॉर्न स्नेकला पंधरा पिल्लं झाली, सगळी एकेका डोक्याची. जिनिव्हाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातलं जानुस हे कासव १९९७ मध्ये जन्मलं. त्याला दोन डोकी, दोन हृदयं, फुप्फुसांच्या दोन जोड्या. कवचात दोन डोकी मावत नाहीत, म्हणून धोका दिसला तरी ती आत घेता येत नाहीत, आणि उलटं पडलं तर कोणीतरी सरळ करावं लागतं. २०२२ मध्ये त्याचा पंचविसावा वाढदिवस झाला. त्यामागे रोज लक्ष ठेवणारी पगारी माणसं आहेत, हे विसरू नका. तुमच्या-माझ्या पलंगाखालच्या डब्यात हे होत नाही. वनखात्याला कळवा, आणि हळद-कुंकू घेऊन आलेल्यांना दारातूनच परत पाठवा.

डोळा नाही किंवा जबडा वाकडा आहे.

डोळ्यावाचून सापाचं तितकं अडत नाही. तो जीभ बाहेर काढून हवेतले वासाचे कण टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो, त्यावर त्याची बरीच शिकार चालते. बचाव केंद्रात आंधळा साप वर्षानुवर्षं जगू शकतो. रानात सोडणं ही वेगळी गोष्ट.

जबड्याचं दुखणं वाईट. दोन्ही जबडे जुळत नसतील तर भक्ष्य पकडता येत नाही आणि तोंड उघडं राहून आतून सुकतं. कासवाच्या पिल्लाची चोच तिरकी असेल तर पशुवैद्य ती वेळोवेळी घासून देऊ शकतो. सापासाठी असा उपाय नाही.

खायला काय आणि कधी द्यायचं? दूध?

दूध नाही. नागपंचमीलाही नाही. सापाला ते पचत नाही.

पहिले सात ते चौदा दिवस काहीच नको. पोटात बलक आहे, पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक पिल्लं तोंड लावत नाहीत. उथळ झाकणात पाणी ठेवा, एवढं पुरे. सदोष पिल्लाच्या तोंडात चिमट्याने जबरदस्तीने अन्न कोंबणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत काही गेलं तर खेळ तिथेच संपतो.

पिल्लू नागाचं आहे. लहान आहे, सदोष आहे, हातात घेतलं तर चालेल?

अंड्यातून अर्धं बाहेर आलेला नागही फणा काढतो आणि चावतो. विष पहिल्या क्षणापासून असतं. वाकड्या कण्याचं पिल्लू नीट पकडताही येत नाही, कुठे वळेल याचा अंदाज लागत नाही. घोणस, फुरसं आणि चापडा अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, त्यामुळे पकडलेल्या मादीच्या बरणीत सकाळी वीस-तीस पिल्लं दिसली तर झाकण उघडू नका. विषारी सदोष पिल्लाची शुश्रूषा घरी हा विषयच नाही. हुक, बंद डबा आणि वनखातं.

किनाऱ्यावरच्या केंद्रात कासवाचं पिल्लू अशक्त निघालं. टबमध्ये पाणी घालून ठेवू का?

वेळास, आंजर्ले, गुहागर, दाभोळ अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडलेची अंडी समुद्रालगत कुंपणात पुन्हा पुरली जातात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये हे काम सुरू केलं, त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की तिच्याखाली शंभरातली एक-दोन मागे राहिलेली दिसतात, आणि पर्यटकांना नेमकी तीच हातात घ्यायची असतात.

गोड्या पाण्याचा टब नको, खाऱ्याचाही नको. पिल्लाला पहिल्या दिवसात अखंड पोहून किनाऱ्यापासून लांब जायचं असतं, त्याची शिदोरी म्हणजे पोटातला बलक. टबमध्ये गोल गोल पोहून ती तिथेच संपते. दमलेलं पिल्लू सावलीत, ओलसर वाळूच्या टोपलीत, वरून ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि संध्याकाळच्या तुकडीबरोबर सोडून बघा. निम्म्याहून अधिक वेळा ते एवढ्यानेच तरतरीत होतं.

एक वल्हं नसलेलं पिल्लू गोल फिरतं. त्याला लाटेत सोडावं का? माझं मत: वनखात्याचा माणूस सांगेल ते करावं, आणि त्याने सोड म्हटलं तर सोडावं. हजार पिल्लांतली फार थोडीच मोठी होतात, या हिशेबात माशाच्या तोंडी जाणंही समुद्राचंच आहे. माझ्या ओळखीतल्या एका कासवमित्र काकांना हे पटत नाही. ते म्हणतात, "बघत्या डोळ्यांनी नाही टाकवत रे." त्यांच्याशी वाद घालायला मला कधी जमलं नाही.

घरट्यातल्या बऱ्याच पिल्लांत दोष दिसू लागले तर मात्र वाळूचं तापमान तपासा. आत ३३-३४ च्या वर जात असेल तर सावलीचं जाळं लावा. तसंही गरम वाळूत माद्याच जास्त निघतात.

आमच्या घरच्या कासवाचं कवच जन्मापासून मऊ आहे, डोळेही सुजलेत.

जन्मापासून नाही, तुम्ही आणल्यापासून. बाजारातून नाण्याएवढं आणलेलं लाल कानाचं कासव काचेच्या भांड्यात, ट्यूबलाइटखाली, नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं की कॅल्शियम आणि अतिनील किरणांअभावी हाडं मऊ होतात, कवच दबतं, पाय वाकतात. सुजलेले डोळे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने. दोन्हींवर वेळेत उपचार आहेत. काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. बरं झालं नाही म्हणून तळ्यात नेऊन सोडू नका, ही परदेशी जात आपल्या कासवांच्या मुळावर येते. आणि "फेंगशुईचं" म्हणून घेतलेलं, पाठीवर तारे असलेलं असेल, तर ते भारतीय तारा कासव आहे आणि घरात ठेवणं गुन्हा आहे.

आम्ही परदेशात असतो, मुलाने बॉल पायथन (पाळीव छोटा अजगर) घेतलाय. त्याचं डोकं सारखं डोलतं.

"स्पायडर" नावाची नक्षी असेल तर ते डोलणं त्या जनुकासोबतच येतं, औषध नाही. लेपर्ड गेको या पाळीव पालीच्या "एनिग्मा" प्रकारातही असाच दोष आहे. बुटका पिंजरा, चढायच्या फांद्या कमी, भक्ष्य चिमट्याने अगदी तोंडासमोर. आणि त्याची पुढची पैदास करू नका, पिल्लांना कितीही किंमत येत असली तरी.

सदोष साप मीच सांभाळला तर? सोडला तर मरेलच ना.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हाती आलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि ४८ तासांत कळवावं लागतं. तो अपंग असला तरी यात सूट नाही. महाराष्ट्रात वनखात्याची मदतवाहिनी १९२६. पुण्याजवळ कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासारख्या काही ठिकाणी साप ठेवण्याची सोय आहे, पण जागा सगळीकडेच तुटपुंजी. म्हणून फोनवर "वाकडा साप आहे" एवढंच न सांगता जात, लांबी, बाक कुठे, शी होते का, खाल्लं का, हे सांगा. पुढचा निर्णय पटकन होतो.

रील टाकू नका. एकदा एका दोन डोक्यांच्या दिवडाचा व्हिडिओ फिरला आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी विकत घेणारे हजर.

हाल होत असतील तर मारून टाकणं बरं नाही का?

कधी कधी तेच बरं असतं, पण ते तुम्ही-मी करायचं नाही. बरा न होणारा, असाध्य अपंग वन्यप्राणी संपवण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते आणि इंजेक्शन पशुवैद्य देतो. फ्रिजरमध्ये ठेवणं "शांत मरण" आहे हा समज चुकीचा, तो हालाचाच प्रकार आहे. डोकं उडवणंही तितकंच वाईट: सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू प्राणवायूवाचून बराच वेळ जिवंत राहतो.

मी स्वतः तीन गोष्टी बघून डॉक्टरांना विचारतो: पिल्लू स्वतः सरळ होतं का, जीभ काढतं का, विष्ठा होते का. तिन्हींना नाही असेल तर मी आशा धरत नाही.

धडधाकट भावंडांना किती दिवस ठेवायचं?

ठेवायचंच नाही. बलक आत गेला, बेंबी मिटली, की वनरक्षकाला सांगून अंडी जिथे सापडली त्याच परिसरात, संध्याकाळी, एकेकाला वेगळ्या झुडपाशी सोडा. एका सदोष पिल्लापायी बारा निरोगी पिल्लं महिनाभर डब्यात कोंडलेली मी पाहिली आहेत.

पिल्लू मेलं. पुरून टाकू?

आधी वनखात्याला कळवा, पंचनामा त्यांचा. त्यांच्या परवानगीने ते संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला देता आलं तर उत्तम. तोपर्यंत पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवा, घरच्यांना सांगून. सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी, शाई ओलीने पसरते. जात, गाव, अंडी सापडल्याची तारीख, फुटल्याची तारीख, डब्यातलं कमाल आणि किमान तापमान. शेवटचे दोन आकडे लिहिताना हात जरा अडखळतो, पण खरे तेच लिहा.